कॉफी होतेय, बसा

दसऱ्यानंतरच्या रविवारी माझे मेहुणे आमच्याकडे आले आणि कॉफी न पिता गेले. त्यांची चूक एवढीच, की बायकोने रीतीप्रमाणे "दादा, चहा की कॉफी?" असं विचारल्यावर ते बेसावधपणे "कॉफी चालेल" म्हणाले. बायकोचा चेहरा पडला. आईच्या हातातली जपमाळ थांबली. मी मात्र वर्तमानपत्र टाकून ताडकन उठलो. अकरा वाजून पाच मिनिटं झाली होती आणि मेहुण्यांना पावणेबाराची लोकल गाठायची होती. चाळीस मिनिटांत एक कप कॉफी होते, असा भाबडा समज आपल्या समाजात अजूनही आहे.

"कुठली करू?" मी आतून विचारलं.

"कुठली म्हणजे?"

"फिल्टर, फ्रेंच प्रेस, मोका, का कागदातून गाळलेली?"

"भाऊजी, साधी करा हो. कॉफीची कॉफी."

साधी! एवढा वाचता-लिहिता माणूस, पण कॉफीच्या बाबतीत अंधार. मी बिया तोलल्या. पंधरा ग्रॅम हव्या होत्या, एक बी जास्त होत होती. ती काढली तर वजन कमी भरलं, म्हणून तिच्याहून बारीक बी शोधायला घेतली. या शोधात सात मिनिटं गेली. मग दळण. मग पाणी उकळणं आणि उकळून झाल्यावर ते किंचित निवण्याची वाट बघणं. बाहेर मेहुणे आधी पावसाबद्दल बोलले, मग गुडघ्यांबद्दल बोलले, मग बोलायचेच थांबले. अकरा छत्तीसला चपलांचा आवाज आला.

"अहो, दोन मिनिटं! कॉफी फुलतेय!" मी ओरडलो.

"फुलू द्या सावकाश," ते दारातून म्हणाले, "मी भाऊबीजेला येतोच आहे."

आमचं घर पहिल्यापासून असं नव्हतं. कॉफीच्या बाबतीत आम्ही चारचौघांसारखे होतो. फडताळात झटपट कॉफीची एक बरणी असायची, ती वर्षातून दोनदा उघडायची: एकदा एखादा पाहुणा 'मी चहा घेत नाही' म्हणाला की, आणि एकदा मुलीच्या परीक्षेच्या रात्री. पावसाळ्यात आतली पूड सादळून तिचा दगड व्हायचा, मग चमच्याच्या मागच्या टोकाने तो फोडायचा. बायको तीच पूड साखर आणि चार थेंब पाणी घालून कपात पांढुरकी होईपर्यंत फेटायची आणि वरून गरम दूध ओतायची. 2020 च्या टाळेबंदीत सगळं जग तेच फेटायला लागलं आणि त्याला डाल्गोना असं कोरियन नाव मिळालं, तेव्हा बायको आठवडाभर 'मी हे लग्नाच्या आधीपासून करते' असं सगळ्यांना फोन करून सांगत होती.

आणि दुसरी आईची कॉफी. तिचं खातं वेगळं. पातेल्यात दूध, दुधात साखर, साखरेच्या मागोमाग कॉफी, तीन उकळ्या आणि वरून किसलेलं जायफळ. आईच्या लहानपणी घरात पॉलसनची कॉफी यायची. पॉलसन म्हटलं की बाकीच्यांना लोणी आठवतं, पण त्या दुकानाची सुरुवात मुंबईत कॉफीने झाली होती, हे आई अजून ठासून सांगते. तिच्या कॉफीत एक गंमत आहे. कॉफीने झोप उडते. जायफळाने झोप येते, म्हणून तर बाळाला ते सहाणेवर उगाळून चाटवतात. दोन्ही एकाच कपात गेल्यावर माणूस होता तसाच राहतो. साठ वर्षं आमच्या घरात कॉफी पिऊन कोणी जागलं नाही की कोणी झोपलं नाही.

गेल्या वर्षी जूनमध्ये मी निवृत्त झालो. निवृत्त माणसाला छंद हवा, असं सगळे म्हणतात. कोणता, ते मात्र घरच्यांनी आधी लिहून घ्यायला हवं. गणपतीला मुलगी बंगळुरूहून आली, तिने फडताळातली बरणी काढली आणि मेलेली पाल धरावी तशी दोन बोटांत धरून मला विचारलं,

"बाबा, हे काय आहे?"

"कॉफी."

"ही कॉफी नाहीये."

"बरणीवर तसं लिहिलंय."

मग तिने मला समोर बसवून कॉफी म्हणजे काय ते सांगितलं. सतराव्या शतकात बाबा बुदान नावाच्या सूफी फकिराने हजहून परत येताना येमेनमधल्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात रुजवल्या, अशी कथा आहे. तिथून भारतातली कॉफी सुरू झाली. बिया रुजतील अशा स्थितीत बाहेर नेऊ द्यायच्या नाहीत, असा तेव्हा अरबांचा कडक बंदोबस्त होता. आई ऐकत होती.

"म्हणजे चोरूनच आणल्या की."

"हो आजी."

"आणि सातही लागल्या? मी तुझ्या आत्याकडून मोगऱ्याच्या चार फांद्या न सांगता आणल्या, त्यातली एक लागली. फकिराच्या हाताला गुण असणार."

जाताना मुलीने मला स्टीलचा फिल्टर भेट दिला. एकावर एक बसणारी दोन भांडी, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दाबायला दांडीची चकती, वर झाकण. यात बिघडण्यासारखं काही नाही, असं मला वाटलं. मला तसं कुकरबद्दलही वाटायचं.

पूड माटुंग्याहून ताजी दळून आणावी, असा तिसऱ्या मजल्यावरच्या मामींचा सल्ला पडला. मामी मूळच्या कुंभकोणमच्या, मुलुंडला त्यांना चाळीस वर्षं झाली आणि कॉफीबद्दल त्या सहसा बोलत नाहीत, कारण सूर्य पूर्वेला उगवतो हे कोण बोलून दाखवतं? मी माटुंग्याच्या दुकानात गेलो. मला वाटलं होतं, "पाव किलो कॉफी द्या" एवढंच बोलायचं असतं.

"प्लँटेशन की पीबेरी?" काउंटरमागून प्रश्न आला.

"हो," मी म्हणालो.

"चिकोरी किती? 80-20? 70-30? 60-40?"

मागे रांग होती. मला फक्त बँकेतले व्याजदर एवढ्या भराभर ऐकायची सवय. मी म्हणालो, "मध्यम." दुकानदाराने माझ्याकडे पाहिलं, माझ्या मागच्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि दोघांनी मिळून 70-30 ठरवलं. चिकोरी ही कॉफी नव्हेच, ते एका झाडाचं भाजून दळलेलं मूळ आहे, त्यात कॅफीन नाही, तिच्यामुळे काढा दाट आणि काळाभोर होतो, हे मला घरी आल्यावर कळलं. म्हणजे मी कॉफी घ्यायला गेलो आणि शंभरात तीस भाग मुळं घेऊन आलो. पण परतीच्या स्लो लोकलमध्ये त्या गरम पुडीचा वास असा काही सुटला, की शीवपासून भांडुपपर्यंत डब्यातला प्रत्येक माणूस माझ्या पिशवीकडे प्रेमाने बघत होता. नोकरीच्या छत्तीस वर्षांत लोकलमध्ये माझ्याकडे कोणी असं बघितलं नव्हतं. माझं डोकं फिरलं ते तिथे.

पहिल्या रात्री मी पूड चांगली दाबून बसवली. आपल्याकडे काम पक्कं करायची पद्धत आहे. सकाळी बघतो तर वरचं पाणी वरच, खालच्या भांड्यात तीन थेंब. दुसऱ्या दिवशी सैल सोडली तर सगळं पाणी मिनिटभरात खाली आलं आणि कॉफी पहिल्या पावसातल्या वहाळासारखी दिसली. तिसऱ्या दिवशी डिकॉक्शन सुरेख उतरलं, पण दोन्ही भांडी एकमेकांत अशी अडकली, की मी आणि बायको दोन बाजूंनी ओढत होतो. तीस वर्षांच्या संसारात आम्ही एवढा वेळ एकच गोष्ट धरून कधी उभे नव्हतो. शेवटी ती सुटली. डिकॉक्शन गॅसच्या शेगडीखाली गेलं.

मामींना शरण गेलो. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे, भोकं बुजली की वरचं भांडं रिकामं करून गॅसच्या ज्योतीवर धरायचं, अडकलेला भुगा जळून जातो. मी तसं केलं. भुगा जळला. नंतर ते भांडं उचलायचं कशाने, हे मामींना सांगावंसं वाटलं नसावं. दुसरी गोष्ट त्यांनी बोलता बोलता सांगितली, की पहिलं डिकॉक्शन दाट, ते घरच्या माणसांना आणि मानाच्या पाहुण्यांना. त्याच पुडीवर पुन्हा पाणी ओतून काढलेलं दुसरं डिकॉक्शन उरलेल्यांना. मी बावीस वर्षं मामींकडे कॉफी पितोय. घरी येऊन बायकोला म्हटलं, "मामींची कॉफी जरा पातळच असते, नाही का गं?"

"मला तर दाट देतात," बायको म्हणाली.

माणसाने खरं तर इथे थांबावं. कुंभकोणमपर्यंत पोहोचलेला माणूस परत फिरू शकतो. पण माझ्या निवृत्तीचे पैसे नुकतेच आले होते आणि मुलगी दर महिन्याला एक दुवा पाठवत होती.

फ्रेंच प्रेस आली. नाव फ्रेंच, पण 1929 मध्ये तिचं पेटंट घेतलं ते अत्तिलिओ कालिमानी या इटालियन माणसाने. काचेचं भांडं, जाड दळलेली कॉफी, वर गरम पाणी, चार मिनिटं थांबायचं आणि जाळी लावलेला दांडा हळू खाली दाबायचा. चार मिनिटं मोजायला आईने मदत केली. मारुतिस्तोत्र सावकाश दोनदा म्हटलं की चार मिनिटं होतात, हा तिचा हिशोब आजतागायत चुकलेला नाही. चुकलो मी. घरात माटुंग्याची बारीक पूड शिल्लक होती, ती संपवावी म्हणून तीच वापरली. दांडा अर्ध्यावर अडला. मी जोर लावला. आणखी जोर लावला. मग टाचा उचलून सगळा भार टाकला. पुढचं मला नीट आठवत नाही. कॉफी छताला लागली नाही, एवढंच समाधान. भिंतीवरच्या कालनिर्णयवर मात्र तिने नेमकी संकष्टी गाठली. त्या महिन्यात आमच्याकडे चंद्रोदयाची वेळ वाचता आली नाही आणि आई मामींकडे विचारायला गेली. तिथे तिला दाट कॉफी मिळाली.

मग मोका पॉट. हा अल्फोन्सो बियालेत्तीने 1933 मध्ये इटलीत काढला. अ‍ॅल्युमिनियमचा, अष्टकोनी, कमरेत आवळलेला. खाली पाणी, मध्ये पूड. खालची वाफ पाण्याला पुडीतून वर ढकलते आणि वरच्या भांड्यात कॉफी येते. आईने तो हातात घेऊन फिरवून बघितला.

"हा उलटा कुकर झाला. किती शिट्ट्या करायच्या याच्या?"

"शिट्टी होत नाही आई, हा नुसता गुरगुरतो."

"तुझ्या वडिलांसारखा."

इटलीतला बर्नर कसा असतो मला माहीत नाही, पण आपल्या शेगडीच्या जाळीवर हा भला माणूस उभाच राहत नाही. तीनपैकी दोन दांड्यांवर टेकतो आणि तिसऱ्या बाजूला कलंडतो. तवा खाली ठेवला तर कॉफीला बावीस मिनिटं लागली. तवा काढून आच मोठी केली तर कॉफी झटक्यात आली, पण मूठ पाघळली. तेव्हापासून तो आम्ही सांडशीने धरतो. आतलं रबर मात्र अजून शाबूत आहे, कारण आई ते कुकरच्या रबराशेजारी फ्रीजमध्ये ठेवते. एकदा घाईत कुकरला मोक्याचं रबर लावायचा प्रयत्न झाला, पण तो विषय आमच्याकडे काढत नाहीत.

या बियालेत्तीचा मुलगा रेनातो. त्याने बापाचा मोका घरोघरी पोहोचवला. तो 2016 मध्ये वारला, तेव्हा त्याच्या अस्थी एका मोठ्या मोका पॉटमध्ये ठेवून दफन केल्या. हे मी कौतुकाने घरात सांगितलं. आई म्हणाली, त्यात काय, आपण तांब्यात ठेवतो. बायको काही बोलली नाही, पण फ्रेंच प्रेस आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिली.

कागदाच्या कॉफीपर्यंत आलो तेव्हा माझं पूर्ण वाटोळं झालं होतं. याचं मूळ जर्मनीतलं. 1908 मध्ये ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंत्झ या बाईंना कपाच्या तळाशी उरणाऱ्या गाळाचा कंटाळा आला. त्यांनी पितळी भांड्याच्या बुडाला खिळ्याने भोकं पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद आत घातला आणि त्यातून कॉफी गाळली. पुढे त्यावर मोठी कंपनी उभी राहिली. हे सगळं ऐकून आईला पहिल्यांदाच कॉफीवाल्यांपैकी कोणाबद्दल आदर वाटला. "संसारी बाई," ती म्हणाली. "पण मुलाने वही कुठे गेली म्हणून विचारलं असेल."

माझ्याकडे आलं ते जपानी नरसाळं. त्याच्या भिंतींमधला कोन साठ अंशांचा, म्हणून नावातही साठ. यासाठी बिया त्याच वेळी दळायला हव्यात आणि मिक्सर चालत नाही. मिक्सरमध्ये काही भाग पीठ होतं आणि काही तसंच राहतं. म्हणून हाताने फिरवायची चक्की आली. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात. मला पंधरा ग्रॅमलाच शिव्या सुचायला लागल्या. दशांश ग्रॅम दाखवणारा काटा आला. बगळ्याच्या मानेसारख्या चोचीची किटली आली. पंधरा ग्रॅमला दोनशे चाळीस ग्रॅम पाणी, पाणी साधारण 92 अंशांचं, आधी कागद ओला करायचा, मग थोडंच पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचं. तेवढ्यात भाजलेल्या बियांमधला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि पूड बुडबुडे येऊन वर चढते. याला फुलणं म्हणतात. फक्त मेहुण्यांच्या वेळी गडबड झाली, कारण पाणी निवताना मी वाट बघण्यात एवढा रमलो की ते कोमट झालं, पुन्हा उकळायला ठेवलं आणि पुन्हा निववायला घेतलं.

बीथोवेन एका कपाला साठ बिया मोजून घ्यायचा, असं त्याच्या चरित्रकाराने लिहून ठेवलंय. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. बायकोला वाचून दाखवलं.

"त्याला ऐकू येत नव्हतं ना?" ती म्हणाली.

"हो. का?"

"म्हणून निभलं. घरातली माणसं काय बोलतात ते कळलं नसेल."

या पायरीला आलं की माणूस चव घ्यायला लागतो, म्हणजे चवीबद्दल बोलायला लागतो. बियांच्या पुड्यावर छापलेलं असतं: जर्दाळू, संत्र्याची साल, गडद चॉकलेट, चमेली. मी डोळे मिटून, ओठांनी सूं करून घोट घ्यायचो आणि "बोरं" म्हणायचो. "आंबट बोरं. मागाहून गूळ." बायकोने एकदा दोन घोट घेऊन प्रामाणिकपणे सांगितलं, की तिला करपलेली भाकरी लागतेय, मागाहून आणखी भाकरी. आईने एका घोटात निकाल दिला: "काढा आहे. आलं घाल आणि तुझ्या सर्दीला ठेव." पुड्याची किंमत मी दोघींपासून लपवून ठेवली होती, ती त्यांनी त्याच संध्याकाळी शोधून काढली.

त्यातच मला मान्सून्ड मलबारचा शोध लागला. मलबार किनाऱ्यावर पावसाळ्यात कॉफीच्या बिया गोदामात पसरून त्यांना तीन-चार महिने मुद्दाम दमट वारा खाऊ देतात. बिया फुगतात, फिक्या पिवळ्या होतात, त्यांचा आंबटपणा जातो आणि मग त्या परदेशात मानाने विकल्या जातात. पूर्वी शिडाच्या जहाजांतून युरोपला पोहोचेपर्यंत बिया आपोआप तशा व्हायच्या आणि तिकडच्यांना तीच चव आवडून बसली. मी हे सांगत असताना बायको सादळलेले पापड उन्हात टाकत होती.

"म्हणजे सादळलेली कॉफी जास्त पैसे देऊन घ्यायची?"

"तसं नाही गं, त्यात शास्त्र आहे."

"मग हे पापड 'मान्सून्ड मुलुंड' म्हणून विका."

दरम्यान माझ्या एक गोष्ट उशिरा लक्षात आली. माझी अवजारं कामाला लागली होती, फक्त कॉफीच्या नव्हे. बगळ्याच्या चोचीची किटली श्रावणी सोमवारी सकाळी दिसेना. आईने ती देवघरात नेली होती. तिची धार इतकी बारीक आणि अखंड पडते, की पिंडीवर अभिषेक करायला यापेक्षा चांगलं भांडं तिने चौऱ्याऐंशी वर्षांत पाहिलं नव्हतं. दशांश ग्रॅमचा काटा गणपतीत उकडीच्या मोदकांना गेला. त्या वर्षी आमचे एकवीस मोदक वजनाला सारखे होते. गाळायच्या कागदातून तूप सुरेख गाळलं जातं. फ्रेंच प्रेसमध्ये चिंचेचा कोळ निघतो. जपानी नरसाळं तेलाच्या डब्याशेजारी लटकलं. मला कॉफी करायची असली की मी आधी आईची परवानगी काढायचो आणि मग अवजारं घासून घ्यायचो. तूपकट कागदातून एकदा कॉफी प्यायलो. पुड्यावर नसलेली चव होती ती.

घासण्यावरून आठवलं. कॉफीच्या सगळ्या पुस्तकी पद्धतींत एक पायरी सांगत नाहीत. कॉफी पिऊन झाल्यावर चोथा कुठे जातो? आमच्याकडे तो सिंकच्या नळीत जायचा. नळ दुरुस्त करायला आलेल्या माणसाने वाकडी नळी उघडली, वास घेतला आणि बायकोला विचारलं, "हॉटेल चालवता का?" तो गेल्यावर बायको एकच वाक्य बोलली: "कॉफी तुम्ही करता. ओटा मी पुसते." मी त्या दिवशी ओटा पुसला. नीट पुसला गेला नाही म्हणून तिने परत पुसला.

सगळ्यात शेवटी, दिवाळीच्या आठ दिवस आधी, एरोप्रेस आला. हा अ‍ॅलन अ‍ॅडलर या अमेरिकन संशोधकाने 2005 मध्ये बाजारात आणला. त्याआधी त्याचं नाव झालं होतं ते हवेत भिरकवायच्या प्लास्टिकच्या चकतीमुळे. एक नळी, तिच्यात सरकणारी दुसरी नळी, खाली भोकांची टोपी. आत पूड आणि पाणी, आणि वरून हाताने दाब द्यायचा. याची जागतिक स्पर्धाही भरते. पहिली 2008 मध्ये ओस्लोला झाली, स्पर्धक तीन. आमच्या सोसायटीच्या कॅरमला याहून जास्त नावं येतात, पण तिथे जगज्जेता म्हणत नाहीत, एवढंच.

मी खोकं उघडलं. आईने एक नजर टाकली आणि तिचे डोळे पाणावले.

"बाळा," ती म्हणाली, "सोऱ्या आणलास?"

मी समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. दांड्याचा सोऱ्या मागच्या दिवाळीत मोडला होता आणि नवा आणा म्हणून मला तिने वर्षभरात निदान दहा वेळा सांगितलं होतं. मी प्रत्येक वेळी बाजारात जाऊन काहीतरी कॉफीचं घेऊन आलो होतो. वसुबारसेच्या दुपारी मी झोपून उठलो तेव्हा स्वयंपाकघरातून तळणीचा वास येत होता. आई एरोप्रेसमध्ये बेसनाचा गोळा भरून ताटलीवर दाबत होती आणि बायको कढईत सोडत होती. प्लास्टिक कढईपासून लांब ठेवायचं भान त्यांना होतं. माझ्यात एवढं भान असतं तर मोक्याची मूठ शाबूत राहिली असती.

"आई, ते कॉफीचं आहे!"

"धुऊन घेतलंय. वास जात नाही मेला."

शेव बारीक आली. अगदी बारीक, रेशमासारखी, हलवायाकडे मिळते तशी. तिला मागाहून कॉफीचा अस्पष्ट वास होता. मी डोळे मिटून खाल्ली आणि मला खरंच जर्दाळू लागला, पण हे मी कोणाला सांगितलं नाही.

भाऊबीजेला मेहुणे ठरल्याप्रमाणे आले. येताना खांद्याला थर्मास होता. "वाटेत प्यायला पाणी," असं ते म्हणाले, पण झाकण उघडल्यावर मला वास आला. कॉफीत घरचं जायफळ होतं. बायकोने कर्तव्य म्हणून विचारलं, "दादा, काय घेशील?" आणि ते माझ्याकडे न बघता "शेव" म्हणाले. तीन वाट्या खाल्ली. चौथी बांधून मागितली. शेवेला कसला वास आहे, म्हणून विचारलं, तेव्हा आईने "गुलाबजल" असं सांगितलं.

मग ओवाळणं झालं. मेहुण्यांनी ताटात पाकीट ठेवलं आणि पाकिटाशेजारी, रंगीत कागदात गुंडाळलेली, झटपट कॉफीची एक मोठी बरणी. बायकोने पाकीट रात्री उघडलं. बरणी लगेच उघडली.